पाण्याची गोळी आणि गावितबाई

माझ्या हातची चिठ्ठी पहिल्यांदा परत आली ती गावितबाईंच्या खिडकीतून.

खोडाळ्याच्या पलीकडे एक लहानसं सरकारी आरोग्य केंद्र आहे. टाळेबंदी उठल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी डॉक्टर झाल्यावर मी तिथे सरकारी बॉण्डची सेवा करायला गेलो. आठवडाही झाला नव्हता. एका म्हातारीचं प्रेशर एकशे ऐंशी निघालं. मी चिठ्ठीवर पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवून प्रेशर उतरवणारी, लिहिली, महिन्याभराची, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. दहा मिनिटांनी म्हातारी चिठ्ठी घेऊन परत माझ्यासमोर उभी.

"काय झालं आजी? गोळ्या नाही मिळाल्या?"

"पार्वतीबाय बोलली, डाक्तरला सांगून ये, का मी उद्या भट्टीवर चालली."

"बरं मग?"

"मंग काय ते मला नाय म्हायत. ती बोलली, आधी सांग."

मला राग आला. औषध देणाऱ्या बाईने डॉक्टरची चिठ्ठी परत पाठवायची, हे कुठल्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं. तरातरा खिडकीशी गेलो. आत पन्नाशीच्या पुढची एक बारकीशी बाई बसली होती. साडीवर मेंदी रंगाचा स्वेटर, जाड भिंगांचा चष्मा, गळ्यात दोऱ्याला अडकवलेली छोटी कात्री. मला पाहून ती उठली नाही.

"सर, ही उद्यापासून विटा वाहणार," ती म्हणाली. "दिवसभर घाम. घामातून मीठ जाणार, आणि तुमच्या गोळीने लघवीतून मीठ जाणार. तिकडे चक्कर येऊन पडली तर उचलणारं कोण आहे?"

"तिचं प्रेशर बघितलंत का तुम्ही?"

"बघितलं ना. गोळी द्यायलाच हवी. दुसरी द्या. आहे माझ्याकडे."

आणि तिने दुसऱ्या गोळीची पट्टी माझ्यासमोर सरकवली. मी चिठ्ठी बदलून सही केली. पुढचे दोन दिवस मी त्या खिडकीकडे पाहिलं नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं, हे मला ती पट्टी पाहताक्षणी कळलं होतं आणि राग त्याचाच होता.

पार्वती गावित हे त्यांचं नाव. आम्ही त्यांना गावितबाई म्हणायचो, पाड्यांवरची माणसं पार्वतीबाय. मोखाड्याच्याच डोंगरातल्या एका कोकणा आदिवासी कुटुंबातल्या, आश्रमशाळेत शिकलेल्या. पुढे नाशिकला राहून त्यांनी औषधशास्त्राची पदविका घेतली. एवढंच मला त्यांच्याबद्दल माहीत होतं. बाकी त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या माझ्याशी आश्रमशाळेत घटवलेल्या पुस्तकी मराठीत बोलत. तीच बाई खिडकीतून कोकणा माणसाशी कोकणा बोलीत बोलायची, वारल्याशी वारलीत, आणि ठाण्या-मुंबईला राहून आलेल्या पोरांशी हिंदीत.

गोड मात्र त्या कुणाशीच बोलत नसत. रांग कितीही लांब असो, प्रत्येक माणसाला त्या थांबवून घेत. ही गोळी कशाची, कधी घ्यायची, घेतल्यावर काय होईल, हे सांगत आणि मग त्याच्याकडूनच वदवून घेत. चुकलं की पट्टी हातातून काढून घेत. "परत सांग." मागची माणसं कुरकुर करायची, पण रांग सोडून कुणी जात नसे. मी एकदा म्हणालो, "बाई, इतकं बोलत बसलात तर संध्याकाळ होईल." त्या पट्टीवर कात्री चालवता चालवता म्हणाल्या, "गोळी मुकी असते सर. तिच्या वतीने कुणीतरी बोलायला हवं."

त्यांची दुसरी एक खोड होती. औषधांच्या खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद येतो. मुंगीच्या पायांसारखी बारीक अक्षरं, सगळं इंग्रजीत. तो कुणी वाचत नाही, मीही वाचत नव्हतो. गावितबाई ते सगळे कागद एका बिस्किटांच्या डब्यात साठवत. दुपारी नागलीची भाकर आणि उडदाचं वरण खाऊन झालं की त्यातला एखादा काढून, दाराशी उन्हात बसून वाचत. जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करत आणि मी मोकळा दिसलो की विचारायला येत.

असंच एकदा त्यांनी विचारलं, "सर, ही पाण्याची गोळी शरीरात नेमकी कुठे जाऊन बसते?"

मी चिठ्ठीच्या पाठीवर मूत्रपिंडातली नळी काढून दाखवली. रक्त आधी गाळलं जातं, तेव्हा पाण्याबरोबर मीठही नळीत उतरतं. मग नळीभर ठिकठिकाणी शरीर ते मीठ परत ओढून घेतं. बहुतेक सगळं मीठ आधीच परत गेलेलं असतं. शेवटाकडे, वळणाच्या भागात, थोडंसं मीठ परत घेणारं एक दार असतं. पाण्याच्या, म्हणजे थायझाइड गटातल्या गोळ्या नेमकं ते दार बंद करतात. मग मीठ आत येऊ शकत नाही, लघवीतून जातं, आणि मिठाच्या मागे पाणीही जातं. रक्तातला भार कमी झाला की प्रेशर उतरतं. काही आठवड्यांनी रक्तवाहिन्याही सैल पडतात, आणि खरा फायदा पुढे त्यानेच टिकतो.

बाई चित्राकडे बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे भाताच्या खाचरांतून पाणी उतरत जातं, तसं. वरच्या बांधांनी अडवलं तेवढं अडवलं. शेवटच्या बांधावर थोडंसं अडायचं, तोच बांध आपण फोडतो."

"बरोबर."

"पण बांध फुटला की नुसतं पाणी नाही जात सर. माती पण जाते."

मी हसलो. पण त्या हसल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "काय काय जातं?" मी सांगत गेलो. पोटॅशियम जातं, त्याने पायातली ताकद जाते, छाती धडधडते. पोटॅशियम उतरलं की स्वादुपिंड इन्सुलिन सोडायला कुचराई करतं, मग साखर वाढते. यूरिक ॲसिड मात्र बाहेर न जाता साचतं, सांध्यांत उतरून सूज आणतं. कॅल्शियमही साचतं. रक्तातली चरबी थोडी चढते. त्यांनी हे सगळं त्याच चिठ्ठीवर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला खिडकीत नवे प्रश्न सुरू झाले. पायात गोळे येतात का? तहान फार लागते का? रात्री किती वेळा उठतोस? भाजीपाला, केळं काही खातेस का?

मला हे जरा अतिच वाटायचं. पण एका गुरुजींची गोष्ट घडली आणि मी गप्प झालो. जवळच्या शाळेतले हे गुरुजी पायाचा अंगठा टोमॅटोसारखा लाल घेऊन आले. भगताकडे जाऊन आले होते, अंगठ्याला पाला बांधला होता. मी जखम शोधत होतो, पू शोधत होतो. गावितबाई खिडकीतूनच ओरडल्या, "गुरुजी, पाण्याची गोळी सुरू करून किती दिवस झाले?" तीन महिने झाले होते. यूरिक ॲसिड तपासलं तर चढलेलं निघालं. गोळी बदलली. जाताना गुरुजी म्हणाले, "भगताने सांगितलं होतं, वाटेत काहीतरी ओलांडलंस." बाई म्हणाल्या, "ओलांडलंत ना. माझी खिडकी. न बोलता निघून गेला होतात."

सगळी रांग हसली. त्या दिवसानंतर माझ्या मनात त्यांच्याविषयी अढी राहिली नाही. त्यांच्या डोळ्यांतून काही सुटणार नाही, असं मी धरून चाललो. ती माझी चूक होती, आणि ती त्यांना आणि एका पेशंटला महाग पडली.

लहानू हिलम हा कातकरी माणूस. जमीन नाही, रोजावर जाईल ते काम. पंचेचाळीस-पन्नाशीचा असावा. पूर्वी खूप प्यायचा. पण मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून त्याने दारू सोडली होती. मुलगी वाचली. त्याला आता काही वर्षं झाली होती आणि पाड्यावर त्याचं नाव निघालं की हे आधी सांगितलं जायचं. बायको भागी. ती त्याच्यापेक्षा उंच, मोठ्या आवाजाची, आणि नवऱ्याच्या त्या शब्दाचा तिला फार अभिमान.

आखाडात लहानूचं प्रेशर वाढलेलं सापडलं. प्रेशरची दुसरी गोळी तेव्हा केंद्रात संपली होती. मी पाण्याची लिहिली. गावितबाईंनी विचारायचं ते सगळं विचारलं. भट्टीला दिवाळीनंतर जाणार, तोवर इथेच लावणीची, निंदणीची कामं. मग त्यांनी गोळ्या दिल्या. लहानू शिस्तीचा निघाला. दर महिन्याला ठरल्या दिवशी यायचा, खिडकीत धडा म्हटल्यासारखं सगळं म्हणून दाखवायचा.

भाद्रपदात बाईंनी त्याला माझ्याकडे पाठवलं. तहान लागते म्हणतो, आणि जेवल्यावर पोट वरच्या बाजूला दुखतं. साखर थोडी वर होती. गर्दीचा दिवस होता. मी म्हणालो, "पुढच्या खेपेला परत बघू," आणि ॲसिडिटीची गोळी लिहून दिली.

दिवाळीच्या आधी त्याला खांद्यावर घालून आणला. बेंबीच्या वर असह्य दुखत होतं, कळ पाठीत जात होती, उलट्या थांबत नव्हत्या. गुडघे पोटाशी घेऊन तो पडला होता. हे स्वादुपिंडाच्या सुजेचं दुखणं आहे हे मला ओळखता आलं, आणि ओळखता आल्याचा थोडा अभिमानही वाटला. पुढे पाठवायच्या कागदावर मी निदान लिहिलं आणि खाली कारण लिहिलं: दारू. आमच्याकडे या दुखण्याने येणारे जवळजवळ सगळे दारूचेच असत.

भागीने विचारलं, "काय लिवला?"

नर्स म्हणाली, "दारूने झालंय."

"प्याला नाय तो."

"सगळ्या बायका असंच म्हणतात, मावशी."

गावितबाई कामाच्या वेळेत खिडकी सोडून कधी उठत नसत. त्या दिवशी उठल्या. रांग तशीच ठेवून माझ्या टेबलाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, ते दारू लिहू नका. त्याने सोडली आहे."

"बाई, सोडली म्हणतात सगळे."

"मी दर महिन्याला त्याच्या तोंडापासून हातभरावर उभी असते. मला वास आला असता."

"मग दुसरं कारण काय?"

त्या खिडकीत परत गेल्या आणि पुढची चिठ्ठी घेतली. रुग्णवाहिका दारात होती. कागद तसाच गेला.

लहानू नाशिकच्या मोठ्या दवाखान्यातून पंधरा दिवसांनी बरा होऊन आला. तिथे पोट रिकामं ठेवलं होतं, तेव्हा सगळ्या गोळ्या आपोआप बंद होत्या. आमच्या कागदावर कारण आधीच लिहिलेलं होतं, त्यामुळे पुढे कुणी कारण शोधलं नाही. घरी पाठवतानाच्या कार्डावर दोन गोष्टी होत्या. दारू कायमची बंद. प्रेशरची गोळी पूर्वीप्रमाणे चालू.

तो खिडकीत आला. बाईंनी कार्ड वाचलं आणि गोळ्या दिल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने दिल्या, हे मला इथे लिहिलंच पाहिजे, कारण पुढे त्यांनी ते कधीच लपवलं नाही.

दिवाळीनंतर पाडा भट्ट्यांवर निघाला. भागी मुलीला घेऊन गेली. लहानूला तिने मागे ठेवलं. अशक्त होता हे निमित्त. खरं कारण बाईंना पाड्यावर कळलं. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून दिलेला शब्द त्याने मोडला, आता मुलीचं काही वाईट होईल, या भीतीने भागी त्याच्या सावलीला उभी राहायला तयार नव्हती. लहानू झोपडीत एकटा राहिला. एकटा राहूनही गोळी चुकवली नाही. कार्डावर लिहिलं होतं ना.

पौषात तो पुन्हा तसाच आला. या वेळी आणणारंही घरचं कुणी नव्हतं. पाड्यावरच्या दोन माणसांनी झोळीत घालून आणला. तेच दुखणं, पण जास्त. मी त्याला सलाईन लावत होतो. माझ्याही तोंडात पुन्हा दारू हाच शब्द आला होता. लहानू डोळे मिटून फक्त एवढंच म्हणत होता, "बाय, मी नाय प्यालो. बाय, मी नाय प्यालो." माझ्याशी तो बोलतही नव्हता.

गावितबाई त्याच्या उशाशी उभ्या होत्या. एकदम वळून त्या आपल्या खोलीत गेल्या. डबा उपडा केल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने एक कागद घेऊन आल्या. पाण्याच्या गोळीच्या खोक्यातला कागद होता. दुष्परिणामांच्या लांबलचक यादीत एका शब्दाखाली पेन्सिलीची जुनी खूण होती.

"हा शब्द कसला सर?"

शब्द इंग्रजी होता आणि त्याचा अर्थ होता स्वादुपिंडाची सूज.

मला तो शब्द नवा नव्हता. परीक्षेसाठी पाठ केलेला होता. क्वचित होतं, असं पुस्तकात एका ओळीत असतं. कधी कॅल्शियम चढल्यामुळे, कधी रक्तातली चरबी फार चढल्यामुळे, कधी गोळीच थेट त्या पिंडाला सोसत नाही म्हणून. क्वचित म्हणजे माझ्या मनात कधीच नाही असा अर्थ झाला होता.

मी तारखा मांडल्या. गोळी सुरू, तीन महिन्यांनी दुखणं. गोळी बंद, बरा. गोळी पुन्हा सुरू, पुन्हा दुखणं. याहून स्पष्ट काय असतं?

या वेळी कागदावर मी दारू लिहिली नाही. गोळीचं नाव लिहिलं, तारखा लिहिल्या, गोळी बंद करा असं लिहिलं. नाशिकला फोन केला. तिथल्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं आणि सगळं तपासलं. पित्ताचे खडे नव्हते. कॅल्शियम आणि चरबी दोन्ही वर होती, पोटॅशियम खाली. तीन आठवड्यांनी लहानू जगून परत आला. पण स्वादुपिंडाचा बराचसा भाग गेला होता. साखर आता कायमची, रोज इन्सुलिनची सुई.

रुग्णवाहिका गेली त्या दुपारी गावितबाई दाराशी उन्हात बसल्या होत्या. समोर भाकर तशीच होती. मी शेजारी बसलो.

"तो शब्द मी वाचला होता सर," त्या म्हणाल्या. "खूणही केली होती. अवघड होता, तुम्ही कामात होता, उद्या विचारू म्हटलं. मग पुढच्या कागदाला लागले. तहान विचारली, पाय विचारले, अंगठा विचारला. पोट नाही विचारलं."

"बाई, त्याने पोट दुखतं म्हणून सांगितलं होतं. तुम्ही पाठवलंतही. मी बघितलं नाही."

"हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही बघितलं."

त्यांनी मला दिलासा दिला नाही. त्याबद्दल मी आजही त्यांचा आभारी आहे.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करायचा एक फॉर्म असतो. आमच्या केंद्रातून तो कधी गेला नव्हता. गावितबाईंनी तो मागवला आणि आपल्या वळणदार अक्षरात भरला. औषध कुणी दिलं, या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव. कुणी लिहून दिलं, तिथे माझं. वरून एकाचा फोन आला, कशाला नसत्या भानगडी उकरता? बाई म्हणाल्या, "भानगड झालेली आहे साहेब. मी फक्त कळवते आहे."

मग त्या मला म्हणाल्या, "रविवारी मी भट्टीवर जाणार आहे. भागीला सांगायला. तुम्ही यायलाच पाहिजे असं नाही. पण लिहिलेलं तुमचं आहे."

आम्ही एसटीने वाड्याला गेलो, तिथून पुढे भिवंडीच्या रस्त्याला दुसरी गाडी. ओळीने भट्ट्या, लाल धूळ, उसाच्या चिपाडांच्या झोपड्या. भागी डोक्यावर विटा घेऊन फळीवरून चढत होती. बाईंना बघून तिने विटा उतरवल्या. मला बघून तिचा चेहरा कोरा झाला.

"मेला का?" तिने विचारलं.

"नाही. जगलाय," बाई म्हणाल्या. आणि मग तिच्या बोलीत, थांबत थांबत, त्यांनी तिला सगळं सांगितलं. लहानू प्यायला नव्हता. पहिल्यांदाही नाही, दुसऱ्यांदाही नाही. गोळीनं झालं. ती गोळी प्रेशरची, चांगल्यासाठी दिलेली, हजारांना सोसते, त्याला सोसली नाही. "माझ्या खिडकीतनं दिली, भागी. मीच दिली. दोनदा दिली."

भागी माझ्याकडे वळली.

"तुमी लिवला होता ना?"

"हो."

"मी तेच्या तोंडावर थुकली," ती म्हणाली. तिचा मोठा आवाज त्या दिवशी अगदी लहान झाला होता. "तो रडत होता. बोलत होता, नाय प्यालो. मी बोलली, डाक्तरचा कागद काय खोटा बोलंल?"

गावितबाई म्हणाल्या, "खोटा बोलला, भागी. कागद खोटा बोलला."

भागीने पदराने तोंड पुसलं, खाली वाकून विटा परत डोक्यावर रचल्या आणि फळीवरून वर गेली. परत येताना म्हणाली, "तो कागद बदला. पाड्यावर सगळ्यास्नी वाचून दाखवा. पोरीचा लगीन व्हायचा हाय."

एवढंच तिने मागितलं. पुढच्या आठवड्यात ती मुलीला घेऊन पाड्यावर आली. आम्ही दोघे गेलो. लहानू दाराशी बसला होता, कपड्यांत हरवलेला. भागी त्याच्याशी आमच्यासमोर एक शब्दही बोलली नाही. पण आल्या आल्या तिने चूल पेटवली आणि पहिली भाकर त्याच्यासमोर ठेवली. मी नवा कागद वाचून दाखवला. माणसं शांतपणे ऐकत होती. शेवटी एक बाई म्हणाली, "मंग आमी गोळ्या खावाच्या का नाय?"

गावितबाई तळमळून बोलल्या. खायच्या. आपल्या मनाने सोडायच्या नाहीत. पोट दुखलं, तहान लागली, तर लगेच यायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि तरी माणसं भ्यायली. बऱ्याच जणांनी गोळ्या चुलीत टाकल्या, पाण्याची कुठली आणि दुसरी कुठली हे न बघता. त्या उन्हाळ्यात त्याच पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याची उजवी बाजू लकव्याने गेली. त्याला ती पाण्याची गोळी कधी दिलेलीच नव्हती. त्याची दुसरीच गोळी होती, तिने त्याला काहीच अपाय झालेला नव्हता, पण तीही चुलीत गेली होती.

हे कळलं त्या दिवशी गावितबाई मला म्हणाल्या, "खोटं लिहिलं म्हणून एक गेला असता. खरं सांगितलं म्हणून दुसरा पडला. मग सांगायचं कसं?" मी म्हणालो, तुमची चूक नाही. त्यांनी हात झटकला. त्यांना माझ्याकडून माफी नको होती, उत्तर हवं होतं. त्यानंतर दर रविवारी त्या एकेका पाड्यावर जाऊ लागल्या. झोपडीझोपडीत बसून कुणाकडे कुठली गोळी आहे बघायच्या. सुट्टीच्या दिवशी, चालत. रांगेत मात्र पूर्वीसारख्या ओरडत नसत. पट्टी देताना मध्येच थांबायच्या आणि समोरच्याच्या तोंडाकडे नुसत्या बघत राहायच्या. माझा बॉण्ड संपला तेव्हा त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका शिबिरासाठी जव्हारला गेलो होतो. परतीच्या वेळी एसटी स्टँडवर त्या दिसल्या. फलाटाच्या कठड्यावर, पायांशी पिशवी. केस पूर्ण पांढरे झाले होते. मी पुढे होऊन नाव सांगितलं.

"ओळखलं सर," त्या म्हणाल्या. "जाड झालात."

मी लहानूची चौकशी केली.

"गेला. मागच्या पावसाळ्यात. साखरेने पाय सडला. मुलीचं लग्न बघून गेला. भागी सुई टोचायला शिकली होती. शेवटपर्यंत तिनेच टोचली."

मोखाड्याची गाडी लागत असल्याचा पुकारा झाला. त्यांनी पिशवी उचलली, आणि मग थांबून विचारलं, "तुम्ही ती गोळी अजून लिहिता?"

"लिहितो. चांगली गोळी आहे बाई."

"चांगलीच आहे. पोटाचं विचारता?"

"विचारतो."

"रक्त तपासता? पोटॅशियम, साखर?"

"तपासतो."

"सगळ्यांचं?"

माझ्या डोळ्यांसमोर सोमवारची रांग आली, दारापासून जिन्यापर्यंत गेलेली. बाईंनी थोडी वाट पाहिली. मग मान हलवली, रागाने नव्हे, आणि गर्दीतून वाट काढत गाडीत चढल्या. खिडकीशी त्यांना जागा मिळाली. शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई बसली होती. गावितबाईंनी तिला काहीतरी विचारलं आणि उत्तर ऐकायला तिच्याकडे पूर्ण वळल्या. गाडी आगाराच्या दारातून बाहेर पडली, तेव्हाही त्या तिचंच ऐकत होत्या.

"नाही बाई," मी म्हणालो. "सगळ्यांचं नाही."

फलाटावर ते ऐकायला कुणी नव्हतं.